काळी आणि पांढरी : शहराजवळच्या खेड्यांत घर घेतांना
(नभोवाणीवरील भाषण)

शहरांत राहून राहून कंटाळलेल्या मनुष्याच्या मनांत एक चित्र नेहमीं घोळत असतें. दोन-तीन खोल्यांचें बैठें घर, पुढें सारवलेलें अंगण, मागच्या परसांत दोन आंब्यांचीं झाडें आणि बारमाही पाण्याची विहीर. पहांटे पांखरांच्या किलबिलाटानें जाग यावी, आणि मनांत आलें कीं तासाभरांत शहर गांठतां यावें. निवृत्त होण्याचे दिवस जवळ आले, मुलें आपापल्या मार्गाला लागलीं आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हातीं येणार असें दिसूं लागलें, म्हणजे ह्या चित्राला रंग चढतो. मग रविवारीं मोटार काढून आसपासच्या खेड्यांतून फिरणें सुरू होतें, आणि एखाद्या संध्याकाळीं टेंकडीच्या उतारावरची एक जागा दृष्टीस पडून मन तिच्यावर जडतें.

श्रोतेहो, मन जडण्याला कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. मन जडल्याखेरीज घर होत नाहीं. परंतु मन जडल्यानंतर आणि विसार देण्यापूर्वीं जो थोडा अवधि असतो, त्यांत काय पाहावें, कोणास काय विचारावें, आणि त्या खेड्यांत राहावयास गेल्यावर आपण कसें वागावें, ह्याविषयीं आज चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या दृष्टीनें हा जन्मभराच्या शिलकेचा प्रश्न असतो. कापड नापसंत पडलें तर दुकानदार बदलून देतो. जमिनीचा वाद एकदां मागें लागला, म्हणजे तो मुलांच्या वांट्यालाहि जातो. उदाहरणासाठीं आपण पुणें शहर घेऊं. मुळशी, हवेली, मावळ, भोर, पुरंदर ह्या तालुक्यांतील खेड्यांस जें लागू पडतें, त्यांतील बहुतेक भाग महाराष्ट्रांतील इतर शहरांच्या भोंवतालींहि लागू पडतो.

आपल्याकडचा जुना शेतकरी गांवच्या जमिनीचे दोन भाग मानीत असे : काळी आणि पांढरी. जेथें पीक निघतें ती काळी, आणि जेथें माणसें राहतात ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या वस्ती झाल्यामुळें चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती मिसळून वस्तीच्या जागेचा रंग फिकट होई, म्हणून ती पांढरी. आज ज्याला गांवठाण म्हणतात तें हेंच. शेत काळींत आणि घर पांढरींत, असा सामान्य शिरस्ता होता. काळींत फार तर राखणीचें खोपट किंवा मळ्यावरची वस्ती असे. ब्रिटिश अंमलांत जमिनीची मोजणी होऊन सारा बसला तेव्हां हाच भेद सरकारी दप्तरांत उतरला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतहि तो टिकून राहिला. म्हणून घर शोधणारानें पहिला प्रश्न हा विचारावा, कीं आपल्याला आवडलेली जागा पांढरींत आहे कीं काळींत? दोहोंचे कागद निराळे, कायदे निराळे आणि धोकेहि निराळे आहेत.

प्रथम पांढरींतलें घर घेऊं. गांवठाणांतील घराला सातबारा नसतो. कित्येक गांवठाणांची तपशीलवार मोजणी पुष्कळ वर्षें झालेलीच नव्हती, त्यामुळें विकणारा मनुष्य ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढें करतो. त्यावर घराचें वर्णन असतें, नांव असतें, शिक्का असतो. पण हा उतारा म्हणजे घरपट्टी कोणाकडून वसूल करावयाची ह्याची यादी होय. तो मालकीचा दाखला नव्हे. ज्याच्या नांवानें पट्टी, तोच मालक असें बहुधा असतें. परंतु ‘बहुधा’ ह्या शब्दावर आपली शिल्लक लावूं नये. २०२० सालीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना सुरू केली, आणि ड्रोन नांवाच्या लहान विमानाच्या साह्यानें गांवठाणांचे नकाशे काढून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याचें काम चाललें. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं ह्या प्रकारच्या मोजणीचा आरंभींचा प्रयोग झाला होता. जेथें अशी मिळकत पत्रिका तयार आहे, तेथें ती पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. जेथें ती नाहीं, तेथें आजोबांपासूनचीं खरेदीखतें, वांटणीपत्रें आणि वारसांची नांवें ह्यांचा धागा जुळतो कीं नाहीं, तें वकिलाकडून तपासून घ्यावें.

पांढरींतल्या घरांत कागदाबाहेरच्याहि कांहीं गोष्टी असतात. दोन घरांमधील भिंत सामाईक आहे काय? आपल्या छपराच्या पागोळ्या कोणाच्या अंगणांत पडतात? न्हाणीचें पाणी कोणत्या बोळांतून वाहून जातें? शेजारच्या घराची गुरें आपल्या अंगणांतून गोठ्यांत जातात काय? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें वीस वर्षें उघडपणें आणि निर्वेध चाललेली अशी वहिवाट हक्काच्या पदवीस पोंचूं शकते. भाऊबंदांत पागोळीच्या पाण्यावरून उभे राहिलेले दावे आपल्या न्यायालयांना नवे नाहींत. आपण बाहेरचे म्हणून विकत घेतलें, तरी ती पागोळी घराबरोबर आपल्याकडे येते.

घराचें अंगहि पाहिलें पाहिजे. जुन्या घराच्या भिंती मातीच्या व रुंद असतात. उन्हाळ्यांत त्यांच्यासारखें सुख नाहीं. परंतु पायाशीं ओल धरली असेल, तर ती पावसाळ्यांतच दिसते. तुळया आणि खांब सागवानी असले तरी वाळवी आंतून पोंखरते. चाकूचें टोंक लांकडांत सहज शिरलें, तर दुरुस्तीचा खर्च किंमतींतून वजा करूनच बोलणी करावीं. अशा घराला सिमेंटचा जाड गिलावा देऊन नवें रूप देण्याचा मोह आवरावा. मातीच्या भिंतींतील ओल त्यानें आंत कोंडते. मातीचें काम जाणणारा गवंडी जवळपास आहे काय, हें आधीं विचारून ठेवावें.

आतां काळीकडे वळूं, कारण शहरांतून येणाऱ्यांपैकीं बहुतेकांची निवड तीच असते. टेंकडी, ओढा, मोकळें शिवार हें सारें काळींत असतें. येथें दर पाहून मनुष्य हुरळतो. शहरांत एका खोलीला जी किंमत पडते तींत येथें कित्येक गुंठे मिळतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हें गणित तो येतां-जातां मनांत करूं लागतो. परंतु जमीन स्वस्त असते तेव्हां तिच्यांत कांहीं तरी उणें असण्याचा संभव असतो : कोठें रस्ता नसतो, कोठें पाणी नसतें, कोठें घर बांधण्याचा अधिकार नसतो, आणि कोठें विकणाराला विकण्याचाच अधिकार नसतो. त्यांतलें काय उणें आहे, हें शोधून काढणें हेंच खरेदीदाराचें काम.

पहिली गोष्ट अशी कीं, महाराष्ट्रांत शेतजमीन कोणीहि उठून विकत घेऊं शकत नाहीं. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचें ६३ वें कलम सामान्यतः शेतकरी नसलेल्या मनुष्यास शेतजमीन घेण्याची मनाई करतें. त्यासाठीं जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. वाडवडिलांची शेती असेल, तर तिच्या सातबाऱ्यावर आपलें नांव आहे काय हें पाहावें. नुसतें ‘आमचें मूळ गांव अमुक’ म्हणून भागत नाहीं. दुसरी गोष्ट तुकडेबंदीची. शेताचे फार लहान तुकडे पडूं नयेत म्हणून १९४७ सालीं कायदा झाला, आणि प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या विक्रीस बंदी आली. ऑगस्ट २०२३ मध्यें बहुतेक जिल्ह्यांसाठीं हें प्रमाण जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असें खालीं आणण्यांत आलें, आणि २०२५ सालीं नागरी वस्तीलगतच्या भागांसाठीं आणखी सवलती देण्यांत आल्या. हे नियम असे बदलत असल्यामुळें व्यवहाराच्या वेळीं कोणता नियम लागू आहे, तें तहसील कचेरींत आणि वकिलाकडे विचारावें. दलालाच्या तोंडून ऐकूं नये.

ह्या बंदींतून निसटण्यासाठीं एक युक्ति योजिली जाते, ती समजावून घेण्याजोगी आहे. अर्ध्या एकराचें शेत एकदम दहा-वीस माणसांना मिळून विकावयाचें, सर्वांचीं नांवें एकाच सातबाऱ्यावर चढवावयाचीं, आणि जागेवर मात्र चुन्याच्या रेषा मारून प्रत्येकाला आपापला तुकडा दाखवावयाचा. चुन्याची रेषा पहिल्या पावसांत धुवून जाते, आणि कागदावर उरते ती सर्वांची सामाईक मालकी. उद्यां आपला कोपरा विकावयाचा झाला, त्यावर कर्ज काढावयाचें झालें, किंवा शेजाऱ्यानें कुंपण दोन हात पुढें सरकवलें, तर आपला कोपरा कोणता हें दाखविणारा एकहि सरकारी नकाशा आपल्यापाशीं नसतो. ज्या जागेवर रीतसर आराखडा मंजूर होऊन भूखंड पाडले आहेत, तेथें ही अडचण येत नाहीं. असे भूखंड विकणारानें, कायद्यांतील सूट लागू नसेल तर, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालीं महारेराकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. तो नोंदणी क्रमांक मागावा. क्रमांकाऐवजीं चहा पुढें आला, तर चहा घेऊन परत यावें.

आतां सातबारा. हा एक कागद नसून दोन नमुन्यांचा जोड आहे : गांव नमुना सात म्हणजे हक्काची नोंद, आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. पूर्वीं तो तलाठ्याच्या दप्तरांतून हातानें लिहून मिळे. आतां सरकारी संकेतस्थळावरून सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. त्यांत खातेदाराचें नांव सर्वजण पाहतात. परंतु त्याशेजारचीं दोन स्थळें अधिक महत्त्वाचीं आहेत. एक, भोगवट्याचा वर्ग. ‘भोगवटादार वर्ग एक’ असेल, तर जमीन सामान्यतः निर्वेध विकतां येते. ‘वर्ग दोन’ असेल, तर सरकारी परवानगीवांचून हस्तांतर होत नाहीं. १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनापासून कुळांना मिळालेल्या जमिनी, वतनें खालसा झाल्यावर पूर्वींच्या वतनदारांना पुन्हा दिलेल्या जमिनी, भूमिहीनांना वांटलेल्या जमिनी, ह्यांच्यावर असे निर्बंध असूं शकतात. देवस्थानच्या इनामाची गोष्ट तर आणखीच निराळी. दुसरें स्थळ ‘इतर अधिकार’ ह्या रकान्याचें. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचें नांव, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठीं राखल्याची नोंद, न्यायालयांतील दाव्याची नोंद, हें सारें तेथें बारीक अक्षरांत बसलेलें असतें. प्रत्येक नोंदीपुढें फेरफाराचा क्रमांक असतो. ते फेरफार काढून मागें मागें वाचीत जावें. वकील साधारणतः तीस वर्षांचा शोध घेतात, तो ह्यासाठींच.

ह्या वाचनांत एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें, आणि ती म्हणजे बहिणींचीं नांवें. २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, दुरुस्तीच्या दिवशीं वडील हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाहीं. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर पुऱ्या झालेल्या वांटण्या तेवढ्या ह्यांतून सुटतात. खेड्यांत मात्र बहिणींना न विचारतां भावांनींच जमीन विकण्याची जुनी खोड सर्वत्र गेलेली नाहीं. सातबाऱ्यावर तीन भावांचीं नांवें दिसलीं, तर त्यांना बहिणी किती आणि त्या कोठें दिल्या आहेत, हें मोकळेपणानें विचारावें. त्यांच्या सह्या किंवा नोंदलेलें हक्कसोडपत्र असल्यावांचून पैसे देऊं नयेत. ह्यांत आपली सुरक्षितता आहेच. पण एखाद्या स्त्रीचा वांटा बुडवून आपल्या घराचा पाया घातला जाऊं नये, हाहि विचार सुशिक्षित कुटुंबानें करावयाचा आहे.

व्यवहार शेवटीं नोंदणीकृत खरेदीखतानेंच पुरा होतो. साठेखत म्हणजे पुढें विकण्याचा करार, विक्री नव्हे. कुलमुखत्यारपत्र करून घेऊन जमीन ‘आपली झाली’ असें मानणारे लोक अजून भेटतात; अशा कागदानें मालकी येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. खरेदीखतानंतर फेरफाराची नोंद होते, हितसंबंधीयांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाहीं तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. तोंपर्यंत काम पुरें झालें असें समजूं नये. उलट, नुसत्या फेरफारानेंहि मालकी सिद्ध होत नाहीं; तो महसुलापुरता कागद आहे. दोहोंची जोड असली पाहिजे.

कागद झाले, आतां पाय. जागेला वाट कोठून आहे? विकणारा म्हणतो, ‘ह्या बांधावरूनच सगळे जातात.’ पण सगळे जातात ते बैल घेऊन, आणि आपल्याला जावयाचें असतें मोटार घेऊन. ती वाट नकाशावर आहे कीं शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हें पाहावें. शेतांत जाण्यासाठीं बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार तहसीलदाराला जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वयें आहे, आणि अडविलेली वाट मोकळी करून घेण्यासाठीं १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. परंतु राहावयास जाण्यापूर्वींच शेजाऱ्याशीं तहसील कचेरींत उभें राहण्याची पाळी यावी, हें कांहीं शुभ लक्षण नव्हे. भूमिअभिलेख कचेरीकडे पैसे भरून सरकारी मोजणी करून घ्यावी, हद्दीच्या खुणा आपल्या व शेजाऱ्यांच्या समक्ष ठरवाव्या, आणि मगच उरलेली रक्कम द्यावी.

वाटेनंतर पाणी. पुण्याभोंवतालचा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक अभेद्य. पाणी मुरतें तें वरच्या मुरुमाच्या थरांत आणि खडकाच्या भेगांत. म्हणून एका कूपनलिकेला भरपूर पाणी लागतें आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी जाते. अधिक खोल गेलें कीं अधिक पाणी लागतें, ही समजूत ह्या खडकांत खरी ठरतेच असें नाहीं. जागा एप्रिल-मे महिन्यांत पाहावी आणि गांवांतल्या बायकांना विचारावें कीं ह्या दिवसांत हंडा कोठून भरतां. पाण्याची खरी मोजदाद त्यांच्यापाशीं असते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानें बंदी केली आहे. हा नियम जाचक वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या बागेंतील हिरवळीसाठीं उपसलेलें पाणी आणि गांवच्या विहिरींतून एक एक घागर ओढून काढलेलें पाणी हें पुष्कळदां एकाच खडकाच्या पोटांतलें असतें.

तिसरी गोष्ट, त्या जागेचें भविष्य. विकास योजनेंत किंवा प्रादेशिक योजनेंत ती कोणत्या विभागांत येते, ह्याचा दाखला मिळतो, तो काढावा. निवासी विभाग, शेती विभाग, डोंगरमाथा, नियोजित रस्ता, ह्यांपैकीं काय आहे त्यावर घर बांधतां येईल कीं नाहीं हें ठरतें. नदीकांठ असेल, तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा पाहाव्या. साधारणतः २५ वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची लाल. मुठेच्या कांठीं राहणाऱ्यांना १२ जुलै १९६१ ह्या दिवसाची, पानशेतच्या प्रलयाची, आठवण करून देण्याची गरज नाहीं. तो पूर धरण फुटल्यानें आला हें खरें. तथापि नदीला जागा किती लागते, हें त्या दिवशीं पुण्यानें पाहिलें.

भविष्याचा दुसरा अर्थहि आहे. एरंडवणें, कोथरूड, हडपसर हे एके काळीं स्वतंत्र गांव होते. आज तेथें जन्मलेल्या मुलांना तें खरें वाटत नाहीं. पुणें महानगरपालिकेंत २०१७ सालीं अकरा आणि २०२१ सालीं आणखी तेवीस गांवें सामील झालीं. सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, किरकटवाडी, वाघोली हीं दुसऱ्या यादींतलीं. ह्या गांवांत शांततेसाठीं घर घेतलेल्या कुटुंबांना कांहीं वर्षांतच आपण शहरांत परत आल्याचें आढळलें. ग्रामपंचायत गेली, कर वाढले, पाण्यासाठीं टँकर आले, शेजारच्या शेतांत बारा मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांत कोणाचा तोटा झाला, कोणाचा नफा झाला. पण ज्याला खेडेंच हवें होतें, त्यानें शहराच्या वेशीवर घर घेतांना शहराच्या वाढीचा वेग हिशेबांत धरावयास हवा. शहरापासून तासाभराचें खेडें आज जसें आहे तसें वीस वर्षांनीं राहील, अशी हमी कोणत्याहि खरेदीखतांत लिहून मिळत नाहीं.

इतकें सगळें जुळलें आणि आपण तेथें राहावयास गेलों, असें समजूं. आतां दुसरा अध्याय सुरू होतो. रात्रीं-अपरात्रीं वीज जाते. जवळचें प्राथमिक आरोग्य केंद्र कोठें आहे, तेथें रात्रीं वैद्य असतो काय, हें पहिल्या आठवड्यांतच पाहून ठेवावें. पावसाळ्यांत साप निघतात; नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हे चार विषारी साप ओळखूं आले तर बरें, आणि न आले तरी दंश झालेल्या मनुष्यास मांत्रिकाकडे न नेतां, जखम कापीत किंवा चोखीत न बसतां, सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयांत तांतडीनें न्यावें. सांडपाण्याचा व शौचाचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. कचऱ्याची गाडी दारांत येत नाहीं. ओल्या कचऱ्याचें खत परसांत करावें, आणि उरलेला कचरा ओढ्यांत लोटूं नये. ओढा आपल्यापाशीं संपत नाहीं. खालच्या वाडीची गुरें त्याच पाण्यावर जगतात.

शेजारधर्म हा विषय मात्र यादीनें सांगतां येत नाहीं. शहरांतून आलेला मनुष्य पहिलें काम करतो तें कुंपण घालण्याचें. कुंपण घालण्याचा त्याला अधिकार आहे. पण त्याच्या जागेच्या कडेनें स्मशानाला जाणारी, घाटावर उतरणारी किंवा रानांत गुरें नेणारी पायवाट पूर्वापार चालत असेल, तर ती बंद करण्यापूर्वीं त्यानें गांवाला विचारावें. जत्रेचे ढोल चार दिवस वाजतील, शेणाचा वास येईल, पहांटे काकडआरती होईल. हें सारें आपण येण्यापूर्वींपासून चालत आलें आहे. ज्याला त्यांतलें कांहींच नको आणि केवळ टेंकडीचा देखावा हवा, त्यानें टेंकडीवर सहलीला यावें. घर घेऊं नये. उलट, गांवानेंहि आपल्याला कांहीं द्यावयाचें असतें, आणि तें तो देतो. आजारपणांत दार ठोठावणारा शेजारी, आपण परगांवीं गेल्यावर घरावर राहणारी नजर, हीं पैशानें मिळत नाहींत. शहराच्या इमारतींत शेजाऱ्याचें नांव ठाऊक नसलें तरी चालतें. खेड्यांत चालत नाहीं.

म्हणून मतदारयादींत आपलें नांव तेथें नोंदवावें. गांवचा मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ह्या दिवशीं अनेक गांवीं ग्रामसभा भरते. तेथें जाऊन बसावें. आरंभीं बोलूं नये, ऐकावें. नळाचें पाणी, शाळेचें छप्पर, अंगणवाडीची जागा ह्यांवर लोक काय बोलतात तें समजून घ्यावें. पुढें आपल्याला हिशेब येतो, अर्ज लिहितां येतो, कायदा वाचतां येतो. त्याचा उपयोग गांवाला होऊं द्यावा. परंतु आपण गांव सुधारावयास आलों आहों, असा आव आणूं नये. ज्या लोकांनीं दुष्काळ आणि साथी सोसून ती पांढरी राखली, त्यांच्यापाशीं शिकण्यासारखें पुष्कळ असतें.

वेळ संपत आली आहे, तेव्हां शेवटीं एवढेंच सुचवितों. आवडलेल्या जागेवर विसार देण्यापूर्वीं तिला तीन वेळां भेट द्यावी. एकदां मे महिन्यांत, विहिरीचा तळ पाहण्यासाठीं. एकदां जुलैच्या झडींत, रस्ता आणि भिंती पाहण्यासाठीं. आणि तिसऱ्या वेळीं, दलालाला न सांगतां, एखाद्या साध्या दिवशीं संध्याकाळीं जाऊन गांवच्या पारावर तासभर बसावें. लोक विचारतील, ‘कोण गांवचे? कोणाकडे आलांत?’ मोकळेपणानें सांगावें. त्या तासांत जमिनीविषयीं जें कळेल तें पुष्कळदां सातबाऱ्यावर नसतें. आणि त्या पारावर पुढचीं वीस वर्षें काढावीशीं वाटलीं, कागदहि स्वच्छ निघाले, तर खुशाल विसार द्यावा.